मागच्या बाजूची खोली

१

प्रवासाला निघताना ओतिलियाबाईंनी तळलेल्या मांसाचे काप घालून पाव बांधून घेतले. सोबत उकडलेली अंडी आणि काकडीच्या लोणच्याची बरणी. त्या सगळ्या बोचक्याभोवती एक जाडजूड टॉवेल गुंडाळला आणि तो स्वतःच्या मांडीवर घेऊन त्या खिडकीपाशी बसल्या. कोशित्से शहराचे शेवटचे कारखाने मागे पडायच्या आत टॉवेल सुटलासुद्धा.

"आई, आत्ताच तर न्याहारी झाली," ब्लांका म्हणाली.

"गाडी हलली की भूक लागते. तुझे सासरे म्हणायचे, प्रवाशाची भूक पोटात नसते, चाकात असते. घे."

सासरे रेल्वेत गार्ड होते. उभा जन्म गाडीच्या शेपटाला बसून गेला, पण बायकोला त्यांनी कधी कुठे नेलं नाही. "तुला समुद्र दाखवीन," एवढं मात्र दरवर्षी म्हणायचे. पेन्शन सुरू झाली त्याच हिवाळ्यात ते वारले आणि समुद्र राहून गेला. ओतिलियाबाई नाट्यगृहात नटनट्यांचे कपडे शिवायच्या. राजवाडे, समुद्र, वादळं, सगळं त्यांनी रंगवलेल्या कापडावरच पाहिलेलं.

म्हणून यंदाच्या उन्हाळ्यात मुलानं, रादोनं, सगळं ठरवलं. बुडापेस्ट, व्हिएन्ना, ग्राझ, ल्युब्लियाना आणि शेवटी त्रिएस्ते. तिथे समुद्र. सगळं रेल्वेनं, सावकाश, आईला झेपेल असं. तोही येणार होता. पण निघायच्या तोंडावर त्याला ऑफिसचं काम निघालं.

ते काम काय होतं ते ब्लांकाला पक्कं ठाऊक होतं. आईला एक गोष्ट सांगायची होती आणि ती सांगायचं धैर्य रादोला होत नव्हतं. वसंतात बाईंनी दोनदा गॅस उघडा ठेवला होता. एकदा तर घरातल्या सपाता घालून त्या ट्रामच्या थांब्यावर जाऊन उभ्या राहिल्या. ती ट्राम बंद होऊन कित्येक वर्षं झाली होती. डॉक्टरांनी त्याला एक सौम्य नाव दिलं. मग रादोनं प्रेशोवच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी एक वृद्धाश्रम बघितला. सप्टेंबरपासून खोली मिळणार होती.

"तू सांग," तो ब्लांकाला म्हणाला होता. "तुझं ऐकेल ती."

सत्तावीस वर्षांच्या संसारात सासूबाईंनी ब्लांकाचं एकही ऐकलेलं नव्हतं. मीठ किती घालायचं हेसुद्धा नाही.

२

बुडापेस्टच्या हॉटेलात खोली मागच्या बाजूची मिळाली. रादोनं सगळीकडे तशीच सांगून ठेवली होती. रस्त्याच्या आवाजानं आईची झोप मोडते म्हणून. ओतिलियाबाईंनी बूट न काढताच पलंगावर अंग टाकलं. परक्या ठिकाणी त्या बूट काढत नसत. पायाची बोटं वाकडी होती आणि ती कुणी पाहिलेली त्यांना खपत नसे. दोन मिनिटांत त्या घोरायला लागल्या.

दुपार होती. ब्लांकानं खिडकीचा पडदा सारला.

खाली चौक होता. चारी बाजूंनी मजले, प्रत्येक मजल्याला लोखंडी कठड्याचा लांब सज्जा आणि सज्ज्यावर ओळीनं दारं. मधोमध जस्ताच्या टबात एक कण्हेर. त्याच्या शेजारी गालिचे झोडपायची लोखंडी चौकट, तिच्यावर लाल गालिचा टाकलेला, आणि पिवळा ॲप्रन बांधलेली एक शिडशिडीत बाई वेताच्या झोडप्यानं तो झोडपत होती. धप्, धप्, धप्. मग जरा थांबायची. पुन्हा धप्, धप्, धप्. समोरच्या सज्ज्यावरच्या एका दाराला बाहेरून फळी ठोकलेली होती. तेवढं एकच दार बंद, बाकीची सगळी नांदती.

त्या आवाजानं ब्लांकाला बरं वाटलं. लहानपणी रविवार सकाळ म्हणजे हाच आवाज. तिनं मोबाइलवर फोटो काढला आणि रादोला पाठवला. 'आई झोपल्या आहेत. अजून सांगितलं नाही.'

'घाई नको,' असं त्याचं उत्तर आलं. नुसतं तेवढंच.

३

व्हिएन्नाला ब्लांकानं सांगायचं ठरवलं. त्यासाठी एक जुनं कॉफीगृह निवडलं. उंच छत, मखमली बाकं, वर्तमानपत्रं चाळणारे म्हातारे. अशा ठिकाणी माणूस रडत नाही, आवाज चढवत नाही, असा तिचा हिशेब.

"आई, हिवाळ्यात तुम्हाला एकटीला फार पडतं, नाही का?"

"काय पडतं?"

"म्हणजे जिना, बाजार..."

"जिना आहे तिथेच आहे. मी पडले तर बघू." बाईंनी केकमधला जर्दाळूचा मुरंबा चमच्यानं खरवडून चाखला. "साखर कमी. आणि तू अशी खालच्या आवाजात का बोलतेस? घसा धरलाय का?"

पुढे काही झालं नाही. दोघी हॉटेलवर परतल्या. बाई आंघोळीला गेल्या आणि ब्लांका बॅग उघडत असताना तिला आवाज आला. धप्, धप्, धप्. मग जरा शांतता.

तिनं पडदा सारला. खाली चौक होता. जस्ताचा टब, त्यात कण्हेर. चौकट, लाल गालिचा, पिवळा ॲप्रन. समोरच्या सज्ज्यावरच्या दाराची फळी काढलेली होती आणि ती भिंतीला टेकवून ठेवली होती.

ब्लांका पहिल्यांदा हसली. मग तिचं हसू ओसरलं. ती तशीच उभी राहिली.

"काय बघतेस?" बाई केस पुसत मागून आल्या.

"आई, हा चौक... बुडापेस्टला अगदी असाच होता."

बाईंनी वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "असणारच. तेव्हा हा सगळा मुलूख एकाच राज्यात. एकच सम्राट होता, एकच मुकादम. आपल्याकडे, इथे, तिथे, सगळीकडे तोच नकाशा उलगडायचा आणि बांधायचं. तुझे सासरे म्हणायचे, स्टेशनं बघ, सगळी एका साच्यातून काढल्यासारखी. डोळे बांधून उतरवलं तरी मुतारी सापडते."

हे खरंच होतं. ब्लांकाला हायसं वाटलं. ती चष्म्याच्या दुकानात काम करायची. डोळे माणसाला कसं फसवतात हे तिला रोज दिसे. समोरच्या पाटीवरची अक्षरं दिसत नसली तरी लोक आठवणीनं धडाधड वाचून दाखवत. डोळा अर्धं बघतो आणि अर्धं मनानं भरतो. कालचा चौक मनात, त्यावर आजचा चढला, झालं.

तरीही बाई डुलकी काढत असताना ती खाली गेली. मागचं दार शोधून काढलं, ढकललं. बाहेर कचऱ्याचे डबे होते आणि हाताच्या अंतरावर एक उंच, बिनखिडक्यांची भिंत. वर पाहिलं तर आभाळाची एक पट्टी.

"मागचा चौक?" काउंटरवरचा तरुण भुवया उंचावून म्हणाला. "मागे शाळेची भिंत आहे, बाईसाहेब. चौक नाही."

"पण वरून दिसतो."

"वरून शेजारचं काहीतरी दिसत असेल," तो अदबीनं म्हणाला आणि दुसऱ्या पाहुण्याकडे वळला.

शेजारचं काहीतरी. असेलही. जिन्यात दोन वळणं होती. माणसाची दिशा चुकायला एक पुरतं.

४

ग्राझकडे जाताना गाडी डोंगर चढली. बोगदा, उजेड, पुन्हा बोगदा. बाई खुशीत होत्या. समोरच्या बाकावरच्या एका जाड्या गृहस्थाला त्यांनी आपल्या भाषेत बजावून अंडं सोलून दिलं; त्यानं ते आपल्या भाषेत आभार मानून खाल्लं.

"आई, रादोला तुमची काळजी वाटते," ब्लांकानं पुन्हा सुरुवात केली.

"मग आला का नाही?"

बोगदा आला ते एक बरं झालं.

ग्राझच्या खोलीत शिरल्यावर ती आधी खिडकीपाशी गेलीच नाही. कपडे लावले, हात धुतले. आवाज नव्हता. त्या शांततेनं धीर येऊन तिनं पडदा बाजूला केला.

गालिचा चौकटीवर नुसता टाकलेला होता. पिवळ्या ॲप्रनची बाई वरच्या सज्ज्यावर होती. ते दार आता सताड उघडं होतं आणि ती बाई आतल्या भिंतींना चुना लावत होती. ओल्या चुन्याचा गार, पांढरा वास इथवर येत होता. मधल्या एवढ्या अंतरावरून, बंद काचेतून.

ब्लांकानं फोटो काढून रादोला पाठवला आणि खाली काहीच लिहिलं नाही. तिला त्याच्याकडून ऐकायचं होतं.

उत्तर आलं, 'परवाचाच फोटो पुन्हा पाठवलास.'

तिनं फोन केला. "नीट बघ. त्यात दाराला फळी आहे, यात दार उघडंय."

"मग? थोड्या वेळानं दुसरा काढला असशील. तोच टब, तेच झाड. ब्लांका, हे बुडापेस्टच आहे. बरी आहेस ना? झोप होतेय ना?" आणि मग आवाज खाली नेऊन, "सांगितलंस?"

"तू आला असतास तर सांगून झालं असतं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

पुन्हा खाली पाहिलं तेव्हा ती बाई कुंचला थांबवून कठड्याशी आली होती. वर बघत होती. दचकली नाही, रोखून बघितलं नाही. शेजारणीनं शेजारणीला करावी तशी तिनं मान हलवली. आणि ब्लांकाच्या खांद्यामागून सासूबाईंनी, त्या कधी येऊन उभ्या राहिल्या कोण जाणे, उलट मान हलवली.

"कोण ती?" ब्लांकानं विचारलं.

"मला काय ठाऊक? कुणी मान हलवली तर आपणही हलवावी. एवढीसुद्धा रीत शिकवली नाही का तुझ्या आईनं?"

५

ल्युब्लियानाला ब्लांका औषधाच्या दुकानात जाऊन आली. डोकं ठणकत होतं. परत आली तर खोली रिकामी. बाईंचा कोट खुंटीवर नव्हता.

खिडकी उघडी होती. ती तिथपर्यंत गेली. जायला नको होतं हे पाय सांगत होते, तरी गेली.

ओतिलियाबाई खाली चौकात होत्या. तपकिरी कोट, वाकलेली पाठ, बगलेत पर्स. कण्हेरीचं एक पान चिमटीत धरून त्या पिवळ्या ॲप्रनवालीशी बोलत होत्या. ती बाई हातवारे करून वरचा सज्जा दाखवत होती आणि सासूबाई मान डोलावत होत्या. बाजारात कापड घेताना त्या तशी मान डोलवत. भाव पटत आला की.

"आई!" ब्लांका ओरडली. दोघींपैकी कुणीच वर पाहिलं नाही.

ती जिना उतरली. मागचं दार एका बोळात उघडत होतं. बोळात सायकली लावलेल्या आणि पलीकडे बेकरी. उजवीकडे वळली तर नदी. डावीकडे वळली तर पुन्हा हॉटेलचंच पुढचं दार. तिनं काउंटरवरच्या मुलीला विचारलं, मुलीनं नकाशा पुढे केला. नकाशावर चौक नव्हता. धापा टाकत ती वर आली तेव्हा बाई पलंगावर बसून औषधाच्या पुडीवरची बारीक अक्षरं वाचायचा प्रयत्न करत होत्या.

"कुठे होतात तुम्ही?"

"खाली. हवा खायला."

"खाली कुठे? मी सगळीकडे शोधलं."

"अगं खाली म्हणजे खाली. किंचाळतेस काय अशी? लोक काय म्हणतील?"

कोटाच्या बाहीवर कोपरापर्यंत चुना लागला होता. ब्लांकानं बोटानं पुसून पाहिला. ओला होता.

"त्या बाईशी काय बोलत होतात?"

"बाई चांगली आहे. हात स्वच्छ." बाईंनी पुडी बाजूला ठेवली. "चुना दोन हात द्यावा लागेल म्हणाली. मी म्हटलं, तीन द्या, जुन्या भिंती पितात."

"कोणत्या भाषेत बोललात?"

या प्रश्नाचं बाईंना नवल वाटलं. त्या जरा आठवत राहिल्या. "आपल्याच की," त्या म्हणाल्या. पण तेवढं बोलताना पहिल्यांदाच त्यांचा चेहरा गोंधळला.

ब्लांकानं स्वतःला समजावलं. म्हाताऱ्या बाईची आठवण ढिली झालीय. रस्त्यात कुठे रंगकाम चाललेलं असणार, बाही घासली असणार. आणि आपण चार दिवस एकच एक गोष्ट मनात दाबून फिरतोय; दाबलेलं कुठून तरी बाहेर येणारच. हे सगळं बरोबर होतं. एकेक धरून पाहिलं तर सगळंच बरोबर होतं.

त्या रात्री तिनं खोलीला कुलूप लावून किल्ली उशीखाली ठेवली. सकाळी किल्ली तिथेच होती आणि बाई शांत झोपलेल्या होत्या.

६

त्रिएस्तेची खोली समुद्राकडे उघडत होती. हॉटेलात काहीतरी गोंधळ झाला, मागची खोली उरली नाही, म्हणून मालकीण दिलगिरी व्यक्त करत होती. ब्लांकाला तिचे हात हातात घ्यावेसे वाटले. खिडकीत पाणी होतं, पाण्यावर ऊन होतं, दूर एक पांढरं जहाज होतं. चौक नाही, सज्जा नाही, गालिचा नाही.

दुपारी दोघी धक्क्यावर जाऊन बसल्या. लोक दगडांवर उताणे पडून ऊन खात होते. ओतिलियाबाईंनी समुद्र पाहिला. त्यांनी तो बराच वेळ, डोळे बारीक करून, शिवणीतली चूक शोधावी तसा पाहिला.

"हं," त्या म्हणाल्या. "मोठा आहे."

"आवडला?"

"आवडायचं काय त्यात? आहे. तुझ्या सासऱ्यांनी उगाच चाळीस वर्षं लावली."

ब्लांकाला हसू आलं आणि त्या हसण्याच्या भरात तिनं सांगून टाकलं. वृद्धाश्रम, डोंगर, सप्टेंबर, मोठी खिडकी, नर्स, दर रविवारी भेट. एका दमात.

"मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "तुम्ही स्वयंपाकघरात कुजबुजता. मोठ्यानं बोलला असतात तर मी लक्ष दिलं नसतं."

"आई, रादोला..."

"रादोला सांग, रडू नकोस म्हणावं. लहानपणीसुद्धा असाच. आधी स्वतःच खेळणं मोडायचं, मग रडत बसायचं." त्यांनी पर्सची कडी लावली, काढली, लावली. "मीही एक जागा बघितलीय."

पाठीमागे कुठेतरी एक मूल आइस्क्रीमसाठी हट्ट करत होतं.

"कुठे?"

"मागच्या बाजूला. बाई चांगली आहे. फार विचारत नाही." मग त्यांनी, लग्न झाल्यापासून कधी धरला नव्हता तो ब्लांकाचा हात धरला. "तू येतेस का बघायला? एकटीनं जायला जरा बावरल्यासारखं होतं."

तो हात हलका होता आणि गरम होता. ब्लांकाला पुढे आयुष्यभर तोच आठवत राहिला. कारण त्या वेळी तिनं आपला हात सोडवून घेतला आणि ती उठली.

"तिथे कुठलीही जागा नाही, आई. मागे काही नाही. उद्या आपली परतीची गाडी आहे."

"बरं," बाई म्हणाल्या.

७

सकाळी बाई तयार होत असताना ब्लांका न्हाणीघरात दात घासत होती. नळ बंद केला आणि तिला आवाज आला.

धप्, धप्, धप्. मग शांतता.

आवाज भिंतीतून येत होता. टबाच्या वर, अगदी छताशी, दुधी काचेचा एक झरोका होता. काल तिनं तो पाहिला नव्हता, किंवा पाहून सोडून दिला होता. ती टबाच्या काठावर चढली. एका हातानं नळी धरून दुसऱ्या हातानं तिनं झरोका ढकलला. रंगानं चिकटलेली चौकट करकरत थोडीशी उघडली.

उन्हात न्हालेला चौक. कण्हेरीला गुलाबी फुलं आली होती. समोरच्या सज्ज्यावरचं दार उघडं, आतल्या भिंती पांढऱ्याशुभ्र, पलंगावर नवी चादर. पिवळ्या ॲप्रनची बाई खाली गालिचा झोडपत होती.

दारातून ओतिलियाबाई बाहेर आल्या. हातात खुर्ची होती. ती त्यांनी उन्हात मांडली, बसल्या, खाली वाकल्या आणि बुटांच्या नाड्या सोडल्या. एक बूट काढला. दुसरा काढला. मोजेही काढले. वाकडी बोटं उन्हात पसरून त्यांनी ती हलवून पाहिली. खालची बाई काहीतरी बोलली आणि सासूबाई हसल्या. तोंड उघडून, मान मागे टाकून, मोठ्यानं. सत्तावीस वर्षांत ब्लांकानं ते हसू ऐकलं नव्हतं. तिला वाटलं, हे नाट्यगृहातलं हसू असणार, शिवणखोलीतलं, रादोच्या जन्माच्याही आधीचं.

मग त्यांनी वर पाहिलं. नेमकं त्या फटीकडे. त्यांनी हात उंचावला, बोलावण्यासाठी नाही. सुटलेल्या गाडीतल्या माणसाला फलाटावरून करतात तसा.

ब्लांकाचा पाय घसरला. ती कशीबशी सावरली आणि दार ढकलून खोलीत आली.

पलंगाच्या कडेला ओतिलियाबाई बसल्या होत्या. कोटाची सगळी बटणं लावलेली, मांडीवर पर्स, पायात घट्ट बांधलेले बूट. गुडघे जुळवून, डॉक्टरांच्या दवाखान्यात बसतात तशा. त्यांनी हसऱ्या, अनोळखी, फार फार सभ्य नजरेनं ब्लांकाकडे पाहिलं.

"गाडीला उशीर तर नाही ना होणार तुम्हाला?" त्या म्हणाल्या.

तुम्हाला.

ब्लांका धावत परत आत गेली. झरोका मिटला होता. काठावर चढून तिनं ढकलला, ठोकला, नखांनी खरवडला. मालकिणीला बोलावलं. मालकिणीनं एक शिडी आणि एक नोकर आणला. झरोका उघडला तेव्हा मागे हवा जायचं धुराडं होतं. हात घातला तर कोपर अडकेल एवढं.

"बाईसाहेब, तुमच्या आई तर इथेच बसल्या आहेत," मालकीण बुचकळ्यात पडून म्हणाली.

"सासूबाई," ब्लांका म्हणाली.

८

परतीच्या वाटेवर ब्लांकानं सासूबाईंचा कोट घालून समोर बसलेल्या बाईला अंडं सोलून दिलं. "आभारी आहे," असं उत्तर आलं आणि ते अंडं मिठाविना मुकाट्यानं खाल्लं गेलं. बोगदे आले, गेले. व्हिएन्नाला गाडी बदलताना ती बाई ब्लांकाच्या मागून दोन पावलं अंतर ठेवून चालत होती, हमालानं चालावं तशी.

कोशित्सेच्या फलाटावर रादो उभा होता. त्यानं आईला मिठी मारली. तिनं ती मारू दिली.

"कसा झाला प्रवास, आई?"

"सगळे फार चांगले वागले."

रादोच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं ब्लांकाकडे पाहून नजरेनं विचारलं, तिनं मान हलवली. सांगितलं होतं, हे खरंच होतं.

सप्टेंबरात ती बाई वृद्धाश्रमात गेली. कुरकुर नाही, रडणं नाही. दिलं ते खायची, सांगितलं तिथे बसायची. नर्सा म्हणायच्या, इतकी शहाणी आजी आमच्याकडे दुसरी नाही. रादो घरी येऊन म्हणायचा, "बघ, उगाच घाबरलो आपण. रुळली."

एकदा स्वयंपाकघरात ब्लांकानं विचारलं, "तुला ती... तीच वाटते?"

"आजारच तसा आहे. डॉक्टर म्हणालेच होते, एक दिवस अचानक एक पायरी उतरेल."

"मला ती 'तुम्ही' म्हणते, रादो."

"मलाही कधी कधी म्हणते," तो म्हणाला आणि भांडी विसळत राहिला. पाण्याचा नळ त्यानं जरा मोठाच सोडला होता. त्यालाही काहीतरी ठाऊक असेल का, असं तिच्या मनात आलं. पण विचारलं असतं तर पुढचंही सांगावं लागलं असतं. धक्क्यावरचं बोलणं, सोडवून घेतलेला हात, सगळं.

तिनं फडकं घेतलं आणि विसळलेली भांडी पुसायला लागली.

९

नोव्हेंबरातला एक रविवार. वृद्धाश्रमाच्या जेवणघरात डाळीचं सूप वाढलं होतं. खिडकीबाहेर डोंगरावर पहिला बर्फ पडला होता. रादो पाण्याचा जग भरून आणायला गेला आणि टेबलाशी दोघीच उरल्या. ब्लांकानं रुमालानं समोरच्या बाईची हनुवटी पुसली.

त्या बाईनं चमचा खाली ठेवला. निरोप पोचवायचा विसरून गेलेलं माणूस दचकावं तशी ती किंचित दचकली आणि पुढे झुकली.

"तुमच्या सासूबाई बऱ्या आहेत हं," ती म्हणाली. "विचारत होत्या तुम्हाला."

जेवणघरात चमच्यांचा आवाज चालू होता. कुणीतरी खोकत होतं. ब्लांकानं रुमालाची घडी घातली, पुन्हा उलगडली. ओरडावं, उठून जावं, नर्सला हाक मारावी, असं बरंच काही करता आलं असतं. तिनं पाण्याच्या नळाकडे पाहिलं. रादो पाठमोरा होता.

"त्यांना करमतं का तिथे?" तिनं अगदी हळू विचारलं.

बाईनं डोळे मिटून आठवून पाहिलं. शब्द इकडचा तिकडे होऊ नये म्हणून.

"करमतं. फक्त एकटीनं जेवायचा कंटाळा येतो म्हणाल्या."

रादो जग घेऊन आला. खुर्ची ओढून बसला, दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. "काय म्हणतेय आई?"

ब्लांकानं चमचा उचलला, सुपात बुडवला आणि त्या उघड्या, वाट पाहणाऱ्या तोंडाजवळ नेला.

"काही नाही," ती म्हणाली. "सूप आवडलं म्हणते."